कोणार्कच्या चक्राची सावली आणि मिनिटांचा हिशेब

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोणार्कच्या सूर्यमंदिराविषयी आलेला सचित्र लेख आवडीने वाचला. शिल्पांचे वर्णन जिव्हाळ्याने केले आहे आणि छायाचित्रेही सुरेख आहेत. परंतु त्या लेखातील एक विधान मला अस्वस्थ करून गेले. मंदिराच्या चौथऱ्यावरील दगडी चाके ही प्रत्यक्षात सूर्यघड्याळे असून त्यांवरून आजही ‘मिनिटागणिक अचूक’ वेळ सांगता येते, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. हे विधान आता इतक्या ठिकाणी आणि इतक्या वेळा छापले जाते की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. मी अनेक वर्षे शाळेत गणित आणि भूगोल शिकवले असल्यामुळे ते तपासल्याशिवाय मला राहवले नाही. त्या तपासणीत जे हाती आले, ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम चाकाविषयी. पूर्व गंग घराण्यातील राजा नरसिंहदेव पहिला (राज्यकाल सुमारे १२३८ ते १२६४) याने तेराव्या शतकात हे मंदिर उभारले. सात घोडे ओढत असलेला सूर्याचा रथ अशी साऱ्या वास्तूची कल्पना असून या रथाला चौथऱ्याच्या बाजूंनी एकूण २४ चाके कोरली आहेत. प्रत्येक चाकाचा व्यास सुमारे ३ मीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोक्यावरून कितीतरी वर जाणारा. आपल्याकडचा सुतार बैलगाडीच्या चाकाचे जे भाग सांगेल ते सगळे, म्हणजे तुंबा, आरे, घेर आणि बाहेर डोकावणारे आखाचे टोक, इथे दगडात जसेच्या तसे सापडतात. आरे एकूण सोळा आहेत. त्यांपैकी आठ जाड असून ते मध्यावर पानासारखे रुंद होतात आणि त्या रुंदीत एकेक गोल पदक कोरलेले असते. पदकांत देवता, स्त्रिया, मिथुने, प्राणी असे नाना विषय आहेत. जाड आऱ्यांच्या मधोमध आठ बारीक आरे आहेत. घेरावर वेलपत्ती, पशुपक्षी आणि मण्यांच्या माळा आहेत. या मण्यांवरच पुढचा सगळा वाद उभा आहे, म्हणून त्यांच्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते. (आणखी एक गोंधळ वारंवार दिसतो तोही इथेच दूर करते. राष्ट्रध्वजावरील चोवीस आऱ्यांचे चक्र सारनाथच्या अशोकस्तंभावरून घेतलेले आहे. कोणार्कला चोवीस ही चाकांची संख्या आहे, आऱ्यांची नव्हे.)

प्रचलित सांगणे असे आहे. आठ जाड आरे म्हणजे आठ प्रहर, त्यामुळे दोन जाड आऱ्यांमधील अंतर तीन तासांचे होते. मधला बारीक आरा त्या अंतराचे दोन भाग करतो आणि दीड तास दाखवतो. जाड आणि बारीक आऱ्यांच्या दरम्यान घेरावर तीस मणी आहेत, म्हणून एक मणी तीन मिनिटांचा. आखाच्या टोकाशी बोट धरायचे, त्याची सावली कोणत्या मण्यावर पडते ते पाहायचे आणि वेळ सांगायची. ऐकताना हे इतके चपखल वाटते की मीही काही वर्षांपूर्वी, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कोणार्कला गेले असताना, ते भारावून ऐकले होते. आम्हाला माहिती देणाऱ्या वाटाड्याने दक्षिणेकडील एका चाकाच्या आखाशी बोट धरले. सावली खाली उजवीकडच्या तिरप्या जाड आऱ्यावर पडली होती. त्याने सांगितले, तीन वाजले. माझ्या मनगटावरील घड्याळात मात्र सव्वादोन वाजायला काही मिनिटे कमी होती. मी ते त्याला दाखवले तेव्हा तो शांतपणे म्हणाला की, तुमचे घड्याळ सरकारी वेळेचे आहे आणि हे सूर्याचे आहे.

त्याचे उत्तर चुकीचे नव्हते, पण ते अपुरे होते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते. कोणार्क त्याच्या सुमारे ३.६ अंश पूर्वेला आहे, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागत असल्यामुळे तेथील सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे १४ मिनिटे पुढे असतो. याखेरीज पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांच्यात वर्षभर कमीजास्त फरक पडत राहतो. त्याला कालसमीकरण म्हणतात. नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य यामुळे सुमारे १६ मिनिटे पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १४ मिनिटे मागे. दोन्ही हिशेब एकत्र केले तर कोणार्कला नोव्हेंबरात उत्तमातले उत्तम सूर्यघड्याळही मनगटी घड्याळाच्या अर्धा तास पुढे दिसेल आणि फेब्रुवारीत ते जवळजवळ जुळेल. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हा फरक सोळा-सतरा मिनिटांचा असतो. याचा दोष कोणत्याही सूर्यघड्याळाला देता येत नाही. मी पाहिलेला फरक मात्र पाऊण तासाहून अधिक होता. उरलेला अर्धा तास कुठून आला, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर चाकाच्या रचनेतच आहे.

सूर्यघड्याळात सावली पाडणाऱ्या काठीला, म्हणजे शंकूला, वर्षभर एकच आरा एकाच वेळी दाखवायचा असेल तर ती काठी पृथ्वीच्या आसाला समांतर असावी लागते. तसे केले की सूर्य उत्तरायणात असो वा दक्षिणायनात, एका ठरावीक वेळेला सावली त्याच रेषेवर पडते. ऋतूनुसार काठीच्या टोकाची सावली जवळ किंवा लांब जाते, तिची दिशा बदलत नाही. कोणार्कचा अक्षांश सुमारे १९ अंश ५३ कला आहे. तेव्हा दक्षिणेकडील भिंतीतून बाहेर येणारा आख क्षितिजाला समांतर न ठेवता टोकाकडे सुमारे वीस अंश खाली झुकवला असता, तरच तो खरा शंकू झाला असता. पण रथाचा आख तिरपा कोण बसवेल? शिल्पकाराने तो रथाला शोभेल असाच, आडवा आणि सरळ बसवला. परिणामी सावलीची दिशा ऋतूबरोबर सरकते. गणित केले तर असे दिसते की संपातदिनाला, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, दुपारी ‘तीन’च्या आऱ्यावर सावली येते तेव्हा सूर्याची खरी वेळ दोन वाजून ५३ मिनिटे असते. ही चूक अवघी सात मिनिटांची आहे. परंतु डिसेंबरच्या २१-२२ तारखेला त्याच आऱ्यावर सावली येते तेव्हा सूर्याची वेळ दोन वाजून २८ मिनिटेच झालेली असते. त्यातून वर सांगितलेला सोळा मिनिटांचा फरक वजा केला की प्रमाणवेळ दोन वाजून १२ मिनिटे निघते. वाटाड्याचे तीन आणि माझे सव्वादोन यांतील कोडे असे सुटले.

सकाळी हीच गोष्ट उलट घडते आणि तीच अधिक फसवी आहे. डिसेंबरात ‘नऊ’च्या आऱ्यावर सावली येते तेव्हा सूर्याची वेळ नऊ वाजून ३२ मिनिटे आणि घड्याळाची वेळ नऊ वाजून सोळा मिनिटे असते, कारण इथे दोन चुका परस्परांना खातात. सकाळच्या गटातील प्रवाशाला चाक बरेच खरे बोलते असे वाटते, तर दुपारच्या गटातील प्रवासी गोंधळात पडतो. मणी तीन मिनिटांचा असल्याचे सांगितले जात असताना चूक पंधरा ते पन्नास मिनिटांची असेल तर मणी मोजण्यात काय अर्थ उरतो? शिवाय सूर्यबिंब आकाशात अर्धा अंश रुंद दिसते, म्हणून कोणत्याही सावलीची कड थोडी पुसटच असते. त्या चाकावर एका मण्याच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर जागा येते. बोटाएवढ्या जाड वस्तूच्या पुसट सावलीने ती वाचायची म्हणजे अंदाजच करावा लागतो.

उन्हाचा प्रश्न तर याहून सोपा आहे आणि त्यासाठी गणिताचीही गरज नाही. शून्य सावलीचा, म्हणजे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येण्याचा दिवस आता आपल्या शाळांतून कौतुकाने साजरा होतो. कोणार्कला तो दिवस २० मेच्या सुमारास आणि पुन्हा २३ जुलैच्या सुमारास येतो. या दोन तारखांच्या दरम्यान सूर्य तिथे उगवण्यापासून मावळेपर्यंत पूर्व-पश्चिम रेषेच्या उत्तरेलाच असतो. याचा अर्थ असा की वर्षातील सुमारे दोन महिने दक्षिणेकडील भिंतीवर थेट ऊन पडतच नाही आणि तिकडच्या चाकांवर वाचण्यासारखी सावलीच नसते. त्या काळात ऊन उत्तरेकडील चाकांवर असते. १ मेला दक्षिणेकडील चाकांना सूर्याच्या वेळेप्रमाणे सुमारे नऊ वाजून दहा मिनिटांपासून दोन वाजून पन्नास मिनिटांपर्यंतच ऊन मिळते. सूर्य क्षितिजाच्या वर असताना सावली आखाच्या खालीच पडणार, म्हणून चाकाचा वरचा अर्धा भाग, त्यावरील आरे आणि मणी यांचा वेळेशी कधीच संबंध येत नाही. दिवसरात्रीचे आठही प्रहर दाखवणारे घड्याळ म्हणून जे सांगितले जाते त्यातले निम्मे घड्याळ असे कायमचे बंद आहे.

इतके असूनही चाकावरून वेळेचा काहीतरी अंदाज येतो, हे मी नाकारत नाही, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत रम्य भाग तोच आहे. विषुववृत्तावर पूर्व-पश्चिम उभी असलेली भिंत पृथ्वीच्या आसाला बरोबर काटकोनात असते. तिथे भिंतीत आडवा खुंटा ठोकला आणि त्याभोवती समान अंतराने आरे काढले, तर ते निर्दोष सूर्यघड्याळ होते. जसजसे उत्तरेला सरकावे तसतसा त्यात दोष शिरतो. कोणार्क विषुववृत्तापासून फक्त वीस अंशांवर असल्यामुळे तिथे दोष मध्यम राहतो आणि मार्च-सप्टेंबरात तर तो जाणवतही नाही. दिल्लीच्या अक्षांशावर हेच चाक याच पद्धतीने भिंतीत बसवले तर डिसेंबरात ‘तीन’च्या आऱ्यावर सावली दोन वाजून नऊ मिनिटांनाच येईल. २०२४ साली राष्ट्रपती भवनाच्या परिसरात कोणार्क चक्राच्या वालुकाश्मातील प्रतिकृती बसवण्यात आल्या, तेव्हा आनंद झाला. मुलांना तिथे नेऊन सावली आणि अक्षांश यांचे नाते शिकवणे किती सोपे आहे, हाच विचार माझ्या मनात आला.

लेखात ‘आपल्या पूर्वजांना मिनिटांचे ज्ञान होते याचा हा पुरावा’ असे एक वाक्य आहे, त्याबद्दलही लिहिणे भाग आहे. तेराव्या शतकातील भारतीय ज्योतिषी दिवसरात्रीचे ६० घटी असे भाग करत आणि एका घटीची ६० पळे मानत. घटी आपल्या २४ मिनिटांची होते. दिवसाच्या चोवीस होराही त्यांना माहीत होत्या, वारांचा क्रमच होरांवरून लागलेला आहे, परंतु वेळ मोजण्याचे नित्याचे माप घटी हेच होते आणि ते पाण्यात बुडणाऱ्या घटिकापात्रावर चाले. आता सोळा आऱ्यांच्या चाकात साठ घट्या बसवून पाहाव्यात. दोन जाड आऱ्यांत साडेसात घट्या येतात, जाड आणि बारीक आऱ्यांत पावणेचार, आणि एका मण्याला साडेसात पळे. ज्याला घड्याळ घडवायचे आहे तो आपल्या काळाच्या मापाला अशी ठिगळे का लावेल? त्याने बारा, पंधरा किंवा तीस आरे कोरले असते. मणी तीन मिनिटांचा ठरतो तो आपण आपले तास-मिनिटांचे माप त्या चाकावर नंतर चढवल्यामुळे. मण्यांच्या माळा तर मंदिरशिल्पात दागिन्यांवर, चौकटींवर आणि पट्ट्यांवर सर्वत्र असतात. प्रहरांचे म्हणावे तर परंपरेने दिवसाचे चार प्रहर सूर्योदय ते सूर्यास्त आणि रात्रीचे चार सूर्यास्त ते सूर्योदय असे धरत, त्यामुळे हिवाळ्यातला दिवसाचा प्रहर उन्हाळ्यातल्या प्रहरापेक्षा आखूड असे. समान अंतरावरील आऱ्यांनी तो दाखवता येत नाही.

आणि खरे वेळयंत्र कसे असते, हे या देशात तेव्हा माहीत नव्हते असेही नाही. कोणार्कच्या सुमारे शंभर वर्षे आधी, ११५० साली, भास्कराचार्यांनी आपल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त यंत्रांवर स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यात चक्रयंत्र आहे आणि ते टांगून सूर्याकडे वळवायचे असते. मध्यभागीच्या खुंटीची सावली अंशांवर वाचून सूर्याची उंची काढायची आणि मग गणिताने वेळ ठरवायची, असा त्याचा उपयोग आहे. त्यातच नाडीवलय आहे, ज्याचे वर्तुळ विषुववृत्ताच्या पातळीत कललेले असते. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात जयपूरच्या वेधशाळेत हेच नाडीवलय दोन तोंडांचे उभारले. सूर्य उत्तर गोलार्धात असताना एका तोंडावर ऊन असते आणि दक्षिण गोलार्धात असताना दुसऱ्या. तिथल्या बृहत् सम्राट यंत्राची सुमारे २७ मीटर उंच भिंत नेमकी जयपूरच्या अक्षांशाइतकी, म्हणजे २७ अंश कललेली आहे, आणि त्यावर दोन सेकंदांपर्यंतच्या खुणा आहेत. तिथे सजावट जवळजवळ नाहीच. यंत्र करताना कलेला अक्षांशापुढे वाकावे लागते. कोणार्कला अक्षांशासाठी एक रेषाही कललेली नाही, आणि म्हणूनच तो आख इतका डौलदार दिसतो.

मग ते चाक काय आहे? माझ्या समजुतीप्रमाणे ते काळाचे चित्र आहे. ऋग्वेदात सूर्याच्या रथाला एकच चाक आहे, आणि वर्षाच्या चाकाला बारा आरे असल्याची कल्पनाही तिथलीच. कोणार्कच्या स्थपतींनी त्या कल्पनेचा विस्तार करून बारा जोड्या केल्या. वर्षाच्या बारा महिन्यांचे चोवीस पक्ष, आठवड्याचे सात घोडे आणि प्रहरांचे आठ आरे हा अर्थ अभ्यासक पूर्वीपासून लावत आले आहेत, आणि तो मला पटतो, कारण त्यात सावली मोजण्याचा दावा नाही. काळ फिरतो आणि त्याच्या फिरण्यात माणसाचे सगळे जगणे, शृंगार, शिकार, पूजा, सामावते, हे त्या पदकांत आपण पाहतो. एवढे मोठे काम करणाऱ्या हातांकडून आपण मनगटी घड्याळाची हमी मागतो, याचे मला वाईट वाटते. काही स्नेह्यांनी मला विचारले की अशा पत्राने वारशाचा अवमान होत नाही का. ज्या शिल्पकाराने जे केलेच नाही त्याचे श्रेय त्याला दिले आणि जे केले त्याकडे पाहिलेच नाही, तर त्याचा मान कोणता राहिला, हे मला त्यांनीच सांगावे.

एक व्यावहारिक बाजूही आहे. हे मंदिर ज्या खोंडोलाइट दगडात बांधले आहे तो लवकर झिजतो. समुद्र जवळ असल्यामुळे खारा वारा आणि उडणारी वाळू शतकानुशतके त्यावर काम करत आली आहेत. गाभाऱ्यावरचे शिखर केव्हाच ढासळले आणि त्याचा उभा राहिलेला शेवटचा भाग १८४८ मध्ये वादळात कोसळला. उरलेला जगमोहन, म्हणजे गाभाऱ्यापुढचा सभामंडप, पडू नये म्हणून १९०३ मध्ये तो आतून वाळूने भरून बंद करण्यात आला. चौथऱ्याभोवती साचलेली वाळू आणि पडझडीचे दगड विसाव्या शतकाच्या आरंभी हटवले गेले तेव्हा कुठे ही चाके आणि घोडे मोकळे झाले. इतक्या संकटांतून वाचलेल्या दगडावर आज रोज शेकडो बोटे वेळ पाहण्यासाठी टेकतात. १९८४ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या वास्तूची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहे. त्या विभागाला माझी विनंती आहे की मंदिरापासून थोड्या अंतरावर, मोकळ्या उन्हात, कोणार्कच्या अक्षांशाला बरोबर कललेले एक साधे नाडीवलय उभारावे, शेजारी चाकाची प्रतिकृती ठेवावी आणि दोन्हींच्या सावल्या वेगळ्या का पडतात हे मराठीसह सर्व प्रमुख भाषांत फलकावर लिहावे. हात लावायचा तो प्रतिकृतीला लावता येईल आणि मूळ चाक सुटेल.

आपल्याकडेही एक मागणे आहे. पुरवणीत अशा विषयावर लेख छापताना, ‘अचूक’ हा शब्द लिहिण्यापूर्वी कोणी तरी सावली आणि घड्याळ एकाच वेळी पाहिले आहे का, एवढे लेखकाला विचारावे. वाचकांनाही हे पडताळता येईल. येत्या डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेला जे कोणार्कला असतील, त्यांनी दक्षिणेकडील चाकासमोर उभे राहून, दगडाला हात न लावता, दुपारी दोन वाजून १२ मिनिटांनी आखाच्या सावलीचे छायाचित्र घ्यावे आणि पुन्हा तीन वाजता घ्यावे. पहिल्या छायाचित्रात सावलीचा मध्य खाली उजवीकडच्या जाड आऱ्यावर असेल. दुसऱ्यात ती तो आरा ओलांडून बरीच वर, बारीक आऱ्याच्या दिशेने सरकलेली असेल. ती दोन छायाचित्रे आपण शेजारी शेजारी छापलीत तर या पत्राचे काम होईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका